तळेखोलचा पट

"बाई, आमी दशैंक आमच्या गावाक जातलंव."

हजेरीला ‘हजर’ म्हणायचं सोडून पवित्राने हे सांगितलं आणि वर हसली. तिच्यामागे तिचे दोघे भाऊ, कमल आणि सुजन, त्याच आनंदात मांडी घालून बसले होते. सुजन पहिलीतला. गावाला जायचंच आहे तर दप्तर कशाला, असा विचार करून तो त्या दिवशी मोकळ्या हातांनी आला होता.

"कधी?" मी विचारलं.

"गणपती गेले काय मगे."

"आणि परत?"

"दिवाळेक."

मी हजेरी तशीच बाजूला ठेवली. पोरांना पाढे म्हणायला लावले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. तिथे पोरांना दिसू नये अशी बोटांवर पट मोजत राहिले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी मूळची बार्शीची. नोकरी लागली ती पार देवगड तालुक्यात, तळेखोल नावाच्या वाडीवरच्या सरकारी शाळेत. पहिले काही महिने मला तिथलं बोलणं ओ की ठो कळायचं नाही. पालक येऊन तावातावाने काहीतरी सांगून जायचे आणि मी नंदीबैलासारखी मान हलवायचे. ते गेले की पवित्रा मला अर्थ सांगायची. नेपाळात जन्मलेली पोर बार्शीच्या बाईला मालवणी शिकवते, हे मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा आईचं हसू थांबेना.

तर पटाचं असं होतं. वाडीतली धडधाकट माणसं मुंबईकडे. मागे राहिलेल्यांपैकी ज्यांना जमत होतं त्यांची पोरं पिवळ्या बसमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायची. ती बस नेमकी आमच्या प्रार्थनेच्या वेळी शाळेसमोर वळायची. आतली पोरं माझ्या पोरांना हात करायची आणि माझी पोरं प्रार्थना सोडून त्यांना हात करायची. उरली सात. आणि आंब्याच्या बागांची राखण करणाऱ्या लोकबहादूरची तीन, म्हणजे पवित्रा, कमल आणि सुजन. झाली दहा.

त्या वर्षी वरून हुकूम आला होता. सप्टेंबर संपता संपता साहेब स्वतः येऊन डोकी मोजणार, आणि दहाच्या खाली भरली तर शाळेला कुलूप. पोरांनी शेजारच्या गावात जायचं. शेजारचं गाव म्हणजे मधल्या रानातून, व्हाळ ओलांडून. पावसाळ्यात त्या व्हाळाचं पाणी मोठ्या माणसाच्या कमरेला लागायचं. लहान पोरं तिकडे जाणार नव्हती. घरी बसणार होती, आणि पोरी तर कायमच्या. हे मला कळत होतं तसं सगळ्या वाडीला कळत होतं. नेपाळ्यांचा दशैं म्हणजे आपला दसराच. तो नेमका त्या वर्षी मोजणीच्या दोन दिवस आधी आला होता.

शाळा सुटल्यावर मी बागेतल्या खोपीवर गेले. पवित्राची आई दिलकुमारी चुलीपुढे बसली होती. मला पाहून तिने पदराने पाट पुसला आणि पुढे सरकवला.

"दिलकुमारी, जाऊ नका असं मी म्हणत नाही," मी म्हटलं. म्हणत तर तेच होते. "पण मोजणी होऊ दे ना. दोनच दिवसांचा प्रश्न आहे."

"दोन दिवसांनी निघालं तर पोचायला चार दिवस जातात, बाई. तोपर्यंत दशैंचा टीका, म्हणजे टिळा, लावायचे दिवस संपतात." चार वर्षांत तिची मराठी चांगली झाली होती, फक्त ती घाईने बोलायची नाही.

"एखादं वर्ष नाही लावला टीका तर?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"तीन वर्षं झाली. सुजनला तर टीका आठवतही नाही. टीका आपला आपण लावायचा नसतो, बाई. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने लावायचा, आमच्याकडे माझ्या सासूने. डोक्यावर हात ठेवायचा, आशीर्वाद द्यायचा. मग त्याच्याहून लहानाने त्याच्याहून लहानाला. इथे आमचं मोठं कोण आहे? आम्हालाच कोणी लावत नाही, तर आम्ही पोरांना काय लावणार?"

मी स्वतः दर दिवाळीला बार्शीला जायचे. रात्रभर एसटीच्या खिडकीवर डोकं आपटत जायचे, आणि आईने उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला की त्या आपटण्याचं काही वाटायचं नाही. मी कोणत्या तोंडाने या बाईला थांब म्हणणार होते?

तरी वाडीच्या कानावर घालायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळे जमले. बाबल परब, ज्यांच्या बागेवर लोकबहादूर होता ते बागायतदार. पोषण आहाराची खिचडी करणारी मालनकाकी. पोरांचे आईबाप. आणि मधोमध, माझ्याच खुर्चीत, गुणाजी घाडी. यांना सारे आबा म्हणत. वाडीतलं सगळ्यात जुनं माणूस. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. म्हणजे साऱ्या वाडीच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं, एकेक मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. दर जूनला ते शाळेच्या दारातही नारळ फोडून असं गाऱ्हाणं घालायचे. शाळा त्यांच्या वडलांनी आणि गावकऱ्यांनी अंगमेहनतीने बांधलेली, त्यामुळे ती घाडींच्या मालकीची आहे अशी त्यांची समजूत होती आणि तिला कोणी धक्का लावत नसे.

मी सगळं सांगितलं. आबांनी बोटं मोडत मोजलं.

"परबांची तीन, घाड्यांची दोन, मालनीचा एक, सुताराचा एक. सात. शाळा साताची आसा, बाईनू. ती तीन भायरची. भायरच्यांच्या जिवार शाळा चलवूची काय आता?"

मी तशी तापटच. एरवी गिळलं असतं, पण त्या दिवशी नाही गिळलं.

"आबा, ती तीन रोज येतात. भर पावसात, डोक्यावर पोतं घेऊन येतात. तुमची पतवंडं डोंबिवलीला आहेत. त्यांना मी कुठे मोजू?"

मालनकाकीने मला डोळ्यांनी दटावलं. आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, आता हे उठून जाणार.

"ह्येच्यार सोपो उपाय आसा," बाबल परब म्हणाले. "मी लोकबहादूराक रजाच दिवचंय नाय. जातलो खंय?"

दोघातिघांनी माना हलवल्या. आणि तेवढ्यात आबांची काठी जमिनीवर आपटली.

"बाबल्या, गप रव. सणाक माणूस आपल्या घराक जाता. तेका आडवूचा नाय. गणपतीक आपले चाकरमानी येतत, तेंका मुंबयच्या शेटीन आडवल्यान तर तुका कसा वाटात? शाळा ऱ्हवली तर ऱ्हवली, गेली तर गेली."

म्हातारा मला तेव्हा पहिल्यांदा आवडला. पण त्याने प्रश्न सुटत नव्हता. मग दारात उभी असलेली मालनकाकी, हातातला डाव तसाच धरून, म्हणाली,

"पोरां जावक नकोत ना? मगे लोकबहादूराच्या म्हातारे आवशीकच हय हाडा."

म्हातारी आईलाच इथे आणायचं! सगळे हसले. मालनकाकी नाही हसली.

"हसतास कित्याक? म्हातारेच्या हातान टिळो लावचो आसा. हात तिच्याबरोबर हय येयत नाय? का तो थयच ऱ्हवतलो?"

हसणं थांबलं. मी आबांकडे पाहिलं, आबांनी बाबल परबांकडे. परबांनी डोकं खाजवलं.

लोकबहादूरला बोलावून विचारलं. तो आधी गोंधळला. आईने डोंगरापलीकडचा बाजारसुद्धा पाहिलेला नाही, म्हणाला. म्हैस कोण सांभाळणार, म्हणाला. मग दारात उभ्या असलेल्या सुजनकडे त्याची नजर गेली. जाऊन विचारतो, म्हणाला. गणपती गेल्यावर तो एकटाच निघाला. दिलकुमारी आणि पोरं मागे राहिली.

दिलकुमारी त्या दिवसांत माझ्याशी नेहमीसारखीच बोलायची. पण मला तिच्यासमोर उभं राहायला जड जायचं. म्हातारी आली नाही तर? शाळा वाचेल, माझ्या पटावर दहा भरतील, आणि हिच्या पोरांची कपाळं चौथ्या वर्षी कोरडी राहतील. हा सगळा घाट माझ्या शाळेसाठी घातला होता.

तेव्हा मोबाईल नुकते आले होते, आणि तळेखोलात रेंज मिळायची ती शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. मी रोज संध्याकाळी पदर खोचून टाकीवर चढायचे. एकदाच लोकबहादूरचा फोन लागला. "बाई, आमा म्हणते..." एवढं ऐकू आलं आणि आवाज गेला. आमा म्हणजे आई. ती काय म्हणते, हो की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मी टाकीवरून खाली आले तर पवित्रा शिडीशी उभी.

"बोजू येतली?" बोजू म्हणजे त्यांची आजी.

"येईल हं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घटस्थापना झाली. दिलकुमारीने खोपीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पानाच्या द्रोणात माती घालून जव पेरले. जवाचे पिवळे कोंब, त्याला ते जमरा म्हणतात, टीका लावून झाला की तुरा म्हणून कानामागे खोचायचे. मालनकाकी ते बघायला गेली आणि तोंडावर हात ठेवून परत आली.

"बाईनू, ह्यां तर आमचाच रुजवाण! देवाच्या घटाखाली आमी घालतव तसाच. अंधारात, दिसाचा पाणी, सगळा तसाच!"

ती ते वाडीभर सांगत सुटली. त्यानंतर दसऱ्यापर्यंत कोण ना कोण बाई खोपीवर डोकावून जायची. कोंब किती वर आले, पाणी जास्त झालं का, अशी विचारपूस चालायची. म्हातारी आली का, हे मात्र कोणी विचारायचं नाही. सगळ्यांनाच विचारायची भीती वाटत होती.

दसऱ्याच्या सकाळपर्यंत लोकबहादूर आला नव्हता. दुपारपर्यंतही नाही.

संध्याकाळी वाडी देवळात जमली. सोनं लुटून झालं. दिलकुमारी पोरांना घेऊन मागे, खांबाशी उभी होती. तिच्या हातात झाकलेलं ताट होतं. दही, तांदूळ, लाल रंग, आणि कोंबांची जुडी. ते घरी ठेवून येणं तिच्याने झालं नसावं. माझा जीव तुटला ते ताट बघून.

आबांनी देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं सुरू केलं. एरवी कुरकुरणारा त्यांचा आवाज गाऱ्हाण्याला भरून यायचा.

"बा देवा म्हाराजा, आज दसऱ्याच्या दिसाक तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जी डोंबिवलेक आसत, नालासोपाऱ्याक आसत, ज्येंका येवक गावला नाय, तेंचा रक्षण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठ्याने कोण ओरडत होतं? पवित्रा, कमल आणि सुजन. मान वर करून, घशाच्या शिरा ताणून. डोंबिवलीच्या पोरांसाठी. त्यांच्यासाठी काही मागितलं गेलं नव्हतं आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मला आबांचा असा राग आला की विचारू नका.

गाऱ्हाणं संपतच होतं, तेवढ्यात उतारावरून रिक्षा आली.

आधी लोकबहादूर उतरला. मग त्याने आत हात घालून एका म्हातारीला जवळजवळ उचलूनच खाली ठेवली. एवढीशी, पोरासारखी. कोकणातल्या त्या उकाड्यात अंगावर लोकरीची शाल, नाकात मोठी सोन्याची फुली. तिने एकदा माडांकडे पाहिलं, एकदा माणसांकडे. दिलकुमारीने ताट माझ्या हातात कोंबलं आणि धावत जाऊन तिच्या पायावर डोकं ठेवलं. आणि मग ती रडली, इतके दिवस न रडलेली. मीही रडले. मला त्याची लाज वाटली नाही.

म्हातारीने वेळ लावला नाही. देवळाच्या पायरीवर बसली, ताट मांडीवर घेतलं. आधी लोकबहादूर, मग दिलकुमारी. मग पवित्रा, मग कमल. कपाळभर दही-तांदळाचा लाल टीका, कानामागे कोंब, आणि डोक्यावर हात ठेवून तिच्या भाषेतला भलामोठा आशीर्वाद, एका सुरात, न थांबता. सुजन आईमागे लपला होता. त्याला तिने पायाला धरून ओढून काढलं, आणि टीका लावताना ती स्वतःच हुंदके देत हसायला लागली.

ते झालं तर वाडीची सातही पोरं मुकाट्याने रांगेत उभी! कोणी सांगितलं नव्हतं. म्हातारीने काही विचारलं नाही. एकामागून एक लावत गेली. मग मालनकाकी पुढे झाली. "माका पण लाव गो, आये." मग मी. तिच्या हाताला चुलीच्या धुराचा वास येत होता.

मग तिने आबांकडे बोट केलं. ते बाजूला, खांबाला टेकून उभे होते. ती काहीतरी म्हणाली आणि पवित्रा तोंड दाबून हसली.

"काय म्हणता गो ती?" आबांनी विचारलं.

"ती म्हणता, बाबू, तू लांब कित्याक उभो? हकडे ये."

सत्तरीपलीकडच्या आबांना बाबू, म्हणजे बाळ! बायका पदरात हसल्या. आबा तडकले.

"तिका सांग, मी वाडीत सगळ्यात म्हातारो. मी टिळो लावतंय. माका कोण लावना नाय."

पवित्राने सांगितलं. म्हातारी काहीतरी बोलली.

"ती म्हणता, थय मोठो भूकंप झालो, तेवा ती चलूक शिकली होती."

"आणि मी पटकीची साथ इली त्या वर्साचो!"

आता भूकंप आधीचा की पटकी, हे कोणाला ठाऊक? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाई ना मी! "मला काय माहीत तुमच्याकडे पटकी कधी आली ते?" मी म्हटलं.

म्हातारीने वाद घातला नाही. चिमटीत टीका घेतला आणि हात पुढे धरून बसली. खाली काही घेईना. पोरं बघत होती. लाल दही तिच्या मनगटावरून ओघळायला लागलं.

आबांना ते बघवलं नाही. ते आले, काठी पायरीला टेकवली, आणि हळूहळू, गुडघ्यांवर हात देत, तिच्यापुढे खाली बसले.

तिने टीका लावला. त्यांची टोपी काढली, कोंब खोचले, आणि त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून पुन्हा तो लांबलचक आशीर्वाद सुरू केला. एक अक्षर आम्हाला कळत नव्हतं. पण मागणं होतं एवढं कळत होतं. ती क्षणभर श्वासाला थांबली, आणि आबा, मान खाली, अगदी हळू म्हणाले,

"व्हय म्हाराजा."

आयुष्यभर सगळ्यांसाठी मागणारा तो माणूस. पुढच्या वेळी ती थांबली तेव्हा साऱ्या देवळाने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

आबा उठले तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते. ते पुसायच्या भानगडीत पडले नाहीत.

"आये गेल्यापासना माझ्या डोक्यार कोणी हात ठेवक नाय, बाईनू," ते मला म्हणाले. "मोठो झालंय म्हणान सगळे माझ्याच पाया पडतत. कोण ठेवतलो?"

बागेतल्या खोपीत दिलकुमारी जे बोलली होती, तेच हा माणूस बोलत होता.

टीका पौर्णिमेपर्यंत रोज लावला तरी चालतो म्हणे. त्यामुळे दोन दिवसांनी साहेब आले तेव्हा म्हातारी शाळेच्या ओट्यावर ताट घेऊन बसलेली, शेजारी आबा, आणि दोघं एकमेकांची भाषा न कळता तंबाखू चोळत गप्पा मारत होती. साहेब आत आले. पोरांना उभं केलं आणि बोटाने मोजायला लागले. सातपर्यंत सरळ गेले. पवित्रापाशी थांबले.

"ही तीन बागेवरची ना? नेपाळी? हे हंगामी लोक असतात, बाई. आज आहेत, उद्या नाहीत. यांचं गावात आहे कोण?"

मी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला.

"मी आसंय."

आबा काठी टेकत आत आले.

"तुम्ही यांचे कोण?" साहेबांनी विचारलं.

"ह्येंच्या बापाशीचो मामा."

साहेबांनी आबांच्या धारदार नाकाकडे पाहिलं. मग तिन्ही पोरांच्या गोल, गोऱ्या तोंडांकडे पाहिलं.

"तोंडावरून वाटत नाही," ते म्हणाले.

"पोरां आवशीर गेली," आबा म्हणाले.

मागून मालनकाकीचं हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यावर नेलं. साहेब काही बोलणार होते, पण आता त्यांचं लक्ष आबांच्या कपाळाकडे गेलं होतं. ताजा, ओला, लाल टीका, कानामागे पिवळे कोंब. त्यांनी पुन्हा पोरांकडे पाहिलं. परबांची तीन, घाड्यांची दोन, मालनकाकीचा, सुताराचा, लोकबहादूरची तीन. सगळ्यांच्या कपाळावर तोच टीका, सगळ्यांच्या कानामागे तेच कोंब.

साहेबांनी पहिल्यापासून पुन्हा मोजायला सुरुवात केली, आणि या वेळी ते मध्ये कुठे थांबले नाहीत.